शेपटीकडून उडालेला बगळा

सरांनी मला माझ्या नावाने कधी हाक मारली नाही. मला ते प्रेक्षकबाई म्हणत, माझ्या सासूबाईंना मुख्य प्रेक्षक आणि आमच्या ह्यांना गोदामवाले. गावातले बाकी सगळे नुसते प्रेक्षक. दूध घालायला येणाऱ्या बाईलाही ते ‘प्रेक्षक, अर्धा लिटर’ म्हणत. पहिल्या दिवशी ती घाबरून माझ्याकडे आली.

‘बाई, शिवी तं नाई दिली ना त्यानं मले?’

मी मान हलवली. खरं तर मलाही तेव्हा माहीत नव्हतं.

ते लांबच्या कुठल्या कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झाले होते, पण जन्मभर मनापासून त्यांनी एकच काम केलं, सिनेमा बघण्याचं. करमणुकीसाठी नाही. करमणूक हा शब्द त्यांच्यापुढे काढला तर ताट वाढलेलं असलं तरी उठून जात. सिनेमा कसा बघायचा, कुठून बघायचा, त्यातून काय काय काढायचं, हे त्यांचं शास्त्र होतं. बायको वारलेली, मुलगी दूर, म्हणून बिरसीजवळच्या आमच्या गावात, आमच्याच अंगणातली खोली घेऊन राहिले. जेवण आमच्याकडे. हेच गाव कशाला, असं आमच्या ह्यांनी विचारलं तेव्हा म्हणाले, ‘इथे टॉकीज नाही. इथले डोळे कोरे आहेत.’

सासूबाई म्हणाल्या, ‘माह्या तं दोन्ही डोळ्याचं ऑपरेशन झालं हाये.’

‘उत्तम! म्हणजे लेन्स नवीन आहे.’

सासूबाईंना ते त्याच क्षणी आवडले.

सरांच्या खिशात लग्नपत्रिकेचा एक जाड तुकडा असे. त्याच्या मध्ये त्यांनी ब्लेडने चौकोन कापला होता. कुठलीही गोष्ट ते आधी त्या चौकोनातून बघत. म्हैस, सरपंच, वाळत घातलेली लुगडी, सगळं. जेवायला बसले की ताटावर तो तुकडा धरत आणि वरणाकडे एक डोळा बारीक करून म्हणत, ‘मीठ विसरलेलं दिसतंय.’ आणि खरंच विसरलेलं असायचं. कसं कळतं, हे मी कधी विचारलं नाही. सासूबाईंनी विचारलं. सर म्हणाले, ‘प्रेक्षकबाई वरण ठेवून लगेच मागे वळल्या नाहीत. दारात थांबल्या. म्हणजे मनात शंका आहे.’ तेव्हापासून मी वरण ठेवलं की पळत स्वयंपाकघरात जाऊ लागले. मग ते म्हणू लागले, ‘आज जास्त पडलेलं दिसतंय.’

बिरसीच्या विमानतळावर मुलं विमान चालवायला शिकतात. त्यांची लहान विमानं दिवसभर आमच्या गावावरून गरागरा फिरतात. आम्ही कधी मान वर करत नाही. सर मात्र प्रत्येक वेळी अंगणात येऊन वर बघत आणि म्हणत, ‘हाच प्रसंग पुन्हा? संकलक झोपलाय का?’ संकलक म्हणजे सिनेमातला नको तो भाग कापून टाकणारा माणूस. गावातल्या पुष्कळ लोकांना कापून टाकायला हवं, असं सरांना वाटत असे, पण मनाने वाईट नव्हते.

रविवारी दुपारी आमच्या धानाच्या गोदामात त्यांचा वर्ग भरे. दार लावून घेतलं की आत छान अंधार. भिंतीवर चादर, समोर त्यांचं मशीन आणि खाली रिकाम्या पोत्यांचा बारदाना टाकून आम्ही बाया. पुरुष एकदाच आले. सरांनी हाणामारी आली की मशीन थांबवून ‘मागच्या भिंतीचा रंग बघा’ म्हटलं, तेव्हा ते उठून गेले ते गेलेच.

सर म्हणत, सिनेमाकडे जायला आठ वाटा आहेत. आठही मला आता सांगता येणार नाहीत. एक वाट अशी की आवाज पूर्ण बंद करायचा. पहिल्या रविवारी तसंच केलं. भिंतीवरचा हिरो हिरोइनीला काहीतरी कळवळून सांगत होता.

सासूबाई म्हणाल्या, ‘तो म्हन्ते, भात वाढ.’

शेजारची काकी म्हणाली, ‘भात कायले मांगन? तो म्हन्ते, मी मुंबईले चाललो.’

‘मुंबईले जानारा असा हात नाई करत. हा भुकेला हात हाये.’

‘तुमाले तं जो तो भुकेलाच दिसते!’

दोघी इतक्या भांडल्या की सरांना आवाज लावावा लागला. तो गाणं म्हणत होता. दोघींनाही पटलं नाही. काकी अजून म्हणते की गाणं मुंबईला जाण्याबद्दलच होतं.

दुसरी वाट म्हणजे हिरोकडे बघायचंच नाही. ‘जो बघेल तो बाहेर.’ ‘मंग पाहाचं कोनाले?’ ‘मागे उभे आहेत त्यांना. पाणी आणणाऱ्याला. दार उघडणाऱ्याला. कोण काम करतं आणि कोण खातं, एवढंच बघा.’ आम्ही तीन तास तेच बघितलं. शेवटी सासूबाईंनी विचारलं, ‘हिरो चार वेळा जेवला. भांडे कोन घासलं?’

सर उडालेच. वहीत लिहून घेतलं, तारीख घातली आणि खाली सासूबाईंची सही घेतली. म्हणाले, मोठमोठ्या विद्वानांनी जाड पुस्तकं लिहून जे विचारलं, ते मुख्य प्रेक्षकांनी एका वाक्यात विचारलं. सासूबाई तीन दिवस घरात कोणाशी साधं बोलल्या नाहीत. मीच विद्वान, म्हणायच्या, आणि भांडी मीच घासत होते.

एकदा हिरोइन नदीवर आंघोळ करत होती. सरांनी मशीन थांबवलं. ‘हिला कोण बघतंय?’

‘कोनी तं नाई. एकटीच हाये.’

‘मग आपल्याला कशी दिसली?’

बाया विचारात पडल्या. मग काकी म्हणाली, ‘कोनी बेशरम झुडपात बसून राहिला असन.’

‘बरोबर! कॅमेरा झुडपात आहे. आणि त्याच्या मांडीला मांडी लावून तुम्ही बसला आहात.’

सगळ्या बायांनी एकदम पदर सावरले. त्या दिवशी लाजेने कोणी चहासुद्धा घेतला नाही.

मी या वर्गात मागे, पोत्यांना टेकून बसत असे. चौथीपर्यंत शिकलेली, शिवाय चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते. सर विचारत, मी मान हलवे. एकदा मी काकीच्या कानात म्हटलं की सरांना सांगा, मी फक्त चौथी आहे. सर म्हणाले, ‘चौथी भरपूर झाली. सिनेमा डोळ्यांनी बघतात.’

त्यांच्या या शास्त्राचा लोकांना त्रासही होई. गावात एक म्हातारे वारले. चांगले नव्वदीचे, दुपारी जेवून, नातवंडांत बसल्या बसल्या गेले. सर बसायला गेले, मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि भरल्या गळ्याने म्हणाले, ‘शेवट फार चांगला जमला.’ कोणीतरी त्यांना हाताला धरून बाहेर आणलं. महिनाभर त्या घरचे सरांशी बोलत नव्हते. मग तो मुलगाच एकदा आमच्या ह्यांना म्हणाला, ‘मास्तर बोलला तवा मारावंसं वाटलं मले. पन खोटं नाई बोलला.’

आणि आमच्या दिराच्या लग्नाचा व्हिडिओ! पाच तासांचा. घरच्या माणसांनीसुद्धा कोणी तो पूर्ण बघितलेला नाही. सरांनी मागून नेला, दोन दिवस बघितला आणि जेवता जेवता म्हणाले, ‘या सिनेमातल्या दोन बायकांचं वैर फार संयमाने दाखवलंय.’

‘कोनतं वैर?’ आमचे हे म्हणाले.

‘जांभळ्या साडीतल्या आणि हिरव्या साडीतल्या. पाच तासांत दोघी एकदाही एका चौकटीत येत नाहीत. एक आली की दुसरी निघून जाते. हळदीलासुद्धा.’

जांभळी साडी माझी नणंद, हिरवी साडी माझी मोठी जाऊ. दोघींचं बोलणं लग्नाच्या आधीपासून बंद होतं आणि घरात कोणाला कळलं नव्हतं. सासूबाईंनी दोघींना फोन लावला. मग जे झालं ते तीन दिवस चाललं. रडणं, जुनं जुनं काढणं, सगळं. शेवटी दोघी बोलू लागल्या, आता तर इतक्या बोलतात की ऐकवत नाही. आमच्या ह्यांनी मात्र सांगून ठेवलं, ‘सरले आता घरचा कोनताच व्हिडिओ दाखवाचा नाई.’

हे सगळं सांगते ते एवढ्यासाठी की सर वेडगळ होते, पण त्यांच्या डोळ्यांना दिसायचं. म्हणून पुढचं झालं तेव्हा मला जास्त वाईट वाटलं.

गोंदियात एका कबाड्याकडे सरांना पत्र्याचा गंजका डबा मिळाला. आत सिनेमाचं रीळ. एक जुनी टॉकीज पाडली तेव्हा माळ्यावरून निघालेलं. नाव नाही, अक्षर नाही, आवाज नाही. सरांनी ते लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एका दुकानदाराला दिलं. त्याने कुठूनसं जुनं मशीन आणून ते चालवलं आणि कॉम्प्युटरमध्ये भरून दिलं. सगळं मिळून पाच-सहा मिनिटांचं. धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, ओणव्या बाया आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, छत्री घेतलेला एक माणूस. एवढंच.

सरांना वेड लागायचं राहिलं होतं ते लागलं. हा सिनेमा त्यांनी आम्हाला दाखवला नाही. म्हणाले, आधी लेख, मग प्रेक्षक. पावसाळा लागताच दार लावून ते लिहीत बसले. चिखलाला ते तसेही भीत. चार वर्षं आमच्यात राहिले होते, पण पावसाळ्यात अंगणापलीकडे कधी गेले नव्हते. जेवायला आले की लेखातलं वाचून दाखवत. लेखाचं नाव होतं ‘उपटणारे हात’. त्यात असं होतं की या बाया मालकाच्या शेतातलं उभं धान उपटत आहेत. एकेक रोप उपटत त्या पुढे येतात, आणि छत्रीवाला मालक त्यांना भिऊन एकेक पाऊल मागे सरतो. तोंडसुद्धा फिरवत नाही, इतका भितो. असा उठाव कुठल्याही सिनेमात कोणी दाखवला नाही, असं सरांचं म्हणणं. चाळीस पानं झाली होती.

सासूबाई ऐकून म्हणाल्या, ‘धान उपटते? येड्या हायेत का त्या?’

‘मुख्य प्रेक्षक, भूक माणसाला वेडं करत नाही. शहाणं करते.’

‘धान उपटून भूक कशी जाईन वो?’

सरांनी तेही लिहून घेतलं.

आणि मग पत्र आलं. सिनेमावरची पुस्तकं छापणारी तीन माणसं शहरातून येणार होती. सरांचा लेख ऐकणार आणि आवडला तर सरांच्या सगळ्या लेखांचं पुस्तक काढणार. सरांनी ते पत्र मला दाखवलं, कारण तेव्हा घरी मीच होते. चाळीस वर्षं लिहिलेलं त्यांच्याकडे पेटीभर पडून होतं. एक ओळ कोणी छापली नव्हती. ते म्हणाले, ‘प्रेक्षकबाई, पुस्तकावर माझं नाव एकदा बघितलं की झालं. मग कोणी काही म्हणो.’ त्या वेळी त्यांनी चौकोन काढला नाही. नुसतंच माझ्याकडे बघितलं.

दोन दिवसांनी मी चहा घेऊन गेले तर सर अंघोळीला गेलेले आणि सिनेमा चालूच. मी कप हातात धरून उभी राहिले.

बाया रोवणी करत होत्या. एवढं तर मला लगेच कळलं. धान रोवताना बाई मागे मागे सरकते. परे, म्हणजे धानाची कोवळी रोपं, चिखलात टोचायचे आणि एक पाऊल मागे. तिच्यापुढे हिरवं होत जातं आणि मागे चिखल असतो. इथे पुढे हिरवं होतं, मागे चिखल होता, सगळं बरोबर होतं. फक्त बाया हिरव्यावर चालून येत होत्या आणि चिखलातले परे आपोआप त्यांच्या हातात उडून जमा होत होते. छत्रीवाला धुऱ्यावरून उलटा चालत होता. मला वाटलं माझंच डोकं फिरलं. तेवढ्यात बांधीतून एक बगळा उडाला. शेपटी पुढे, चोच मागे.

चहा थंड झाला. सिनेमा उलटा चालला होता. शेवट आधी आणि सुरुवात शेवटी. आणि त्यावर सरांची चाळीस पानं.

मी आमच्या ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, ‘तू नोको बोलू. एवढा शिकलेला मानूस, त्याले समजत नसन का?’ सासूबाईंना सांगितलं तर त्या हसून हसून खाटेवर पडल्या. ‘सांग ना मंग! नाई तं मी जाऊन सांगतो.’ मी त्यांचे पाय धरले. त्या सांगतील ते हसत हसत सांगतील, आणि सर मोडतील. न सांगावं तर ती शहरातली माणसं सगळ्यांसमोर हसतील. दोन रात्री मला झोप नाही. तोंडाने बोलणं तर शक्यच नव्हतं. शेवटी मी कागदावर लिहिलं, ‘सर बगळा बघा’, आणि कागद त्यांच्या पोळीच्या डब्यात ठेवला.

संध्याकाळी सर धावत आले. डोळे चमकत होते.

‘प्रेक्षकबाई! बगळा! मी त्याच्याकडे साफ दुर्लक्ष केलं होतं! सगळ्या बाया पुढे जात असताना एकटा पक्षी मागे उडतो. कसं केलं असेल हे त्या काळात? हा दिग्दर्शक वेडा तरी असेल नाही तर देव!’

लेख चव्वेचाळीस पानांचा झाला.

मग मला एकच उपाय सुचला. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी आमच्या बांधीत रोवणी होती. मी सकाळी सरांना निरोप पाठवला की आज घरी चूल नाही, जेवण शेतावर आहे. भूक त्यांना चिखलाहून मोठी होती. दुपारी सर आले. एका हातात चपला, एका हातात छत्री. धुऱ्यावर येऊन उभे राहिले तर अगदी त्या सिनेमातले मालक. आम्ही सात-आठ बाया ओणव्या, परे रोवत मागे सरकत होतो. सरांनी छत्री काखेत धरून खिशातून चौकोन काढला, डोळ्याला लावला. बराच वेळ काढेनात.

‘मुख्य प्रेक्षक, तुम्ही उलट्या का चालताय?’

‘उलट्या कायच्या? सरळच चालून राहिलो.’

‘मागे जाताय तुम्ही.’

‘मंग पुढं जाऊ का? रोवलेलं तुडवू?’

‘नेहमी असंच?’

सासूबाई कंबर धरून उभ्या राहिल्या. ‘माही माय असंच रोवे. तिची माय असंच रोवे. तुमाले दुसरं कसं येत असन तं उतरा खाली, दाखवा.’

बाया हसल्या. सर हसले नाहीत. त्यांनी चौकोन डोळ्यावरून काढला, मला शोधलं, माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली आणि पुढचं रोप रोवलं. न जेवताच ते परत गेले.

घरी येऊन त्यांनी त्या दुकानदाराला फोन लावला. फोन मोठ्या आवाजात होता, आम्ही दारातून ऐकत होतो. तो म्हणाला, ‘हाँ सर, रील लगाया तो तस्वीर सर के बल आ रही थी। तो मैंने कॉम्प्युटर में घुमाके सीधी कर दी। फ्री में किया सर, उसका कुछ नहीं लिया।’

रीळ शेपटीकडून लावलं गेलं होतं. त्यामुळे बाया डोक्यावर उभ्या दिसल्या. त्याने त्यांना पायावर उभं केलं, पण चाल उलटीच राहिली.

संध्याकाळी मी ताट घेऊन गेले. सर खाटेवर बसले होते, बाजूला चव्वेचाळीस पानं. ‘उद्या सकाळीच त्यांना फोन करून सांगतो, येऊ नका,’ ते म्हणाले. मी ताट ठेवलं. नेहमीसारखी पळाले नाही.

‘ते बगळ्याचं…’ मी म्हटलं. ‘मी त्यासाठीच लिहिलं होतं.’

सरांनी मान वर केली. ‘म्हणजे ती चूक दाखवली होती? मला वाटलं, अभ्यास आहे!’ आणि एकदम हसत सुटले. इतके हसले की ठसका लागला, मला पाणी द्यावं लागलं. मग उठून त्यांनी तो सिनेमा मागून पुढे लावला. आम्ही दोघांनी बघितला. बाया रोवत मागे सरत होत्या आणि छत्रीवाला धुऱ्यावरून त्यांच्याकडे चालत येत होता. बगळा चोचीकडून उडत येऊन बसला.

‘बिचाऱ्या,’ सर म्हणाले. ‘आता तर त्या जिंकलेल्याच नाहीत. तोच पुढे येतोय. त्या मागे हटतात.’

मला राहवलं नाही. माझ्या तोंडून आमची बोली निघाली. ‘बिचाऱ्या काऊन? मागं सरते त्या भिऊन नाई सरत. सरते तेवढं हिरवं होते. बगा, आता अर्धी बांधी भरली. छत्रीवाल्याले पाय ठेवाले जागा कोठी हाये? तो धुऱ्यावरच राहीन.’

एवढं सलग मी आयुष्यात कोणाशी बोलले नव्हते. सरांनी लिहून घेतलं नाही. बाजूची चव्वेचाळीस पानं उचलून मांडीवर घेतली. मग म्हणाले, ‘येऊ द्या त्यांना.’

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. जाड चष्म्याच्या एक बाई आणि दोन माणसं. गोदामात त्यांना खुर्च्या टाकल्या, आम्ही बारदान्यावर. सरांनी नवा सदरा घातला होता, त्याची किमतीची चिठ्ठी मानेमागे लटकत होती. ते म्हणाले, ‘मी चव्वेचाळीस पानं लिहिली आहेत आणि ती सगळी चुकीची आहेत. पहिलं पान वाचतो.’ पाहुण्यांना वाटलं, ही बोलायची पद्धत असेल. सरांनी पान वाचलं, सिनेमा उलटा दाखवला, मग सुलटा दाखवला आणि चूक कशी झाली ते सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. आमच्या बायांनी फक्त एवढंच बघितलं की छत्रीवाला मालक पाठीमागे पाठीमागे पळतो. काकी ओरडली, ‘पुन्हा उलटा लावा!’ चार वेळा लावावा लागला. चारही वेळा टाळ्या.

चष्म्याच्या बाई हसत होत्या, पण मग गंभीर झाल्या. ‘मग सर, अर्थ कोणता धरायचा? पुढे जाणं की मागे जाणं?’

सरांनी माझ्याकडे हात केला. ‘त्यांना विचारा.’

सगळी मुंडकी माझ्याकडे वळली. मी उभी राहिले आणि मला काही सुचेना, म्हणून मी ओणवी झाले. खाली पडलेली तणसाची काडी उचलली, जमिनीवर ठेवली, एक पाऊल मागे. दुसरी काडी, एक पाऊल मागे.

सासूबाई म्हणाल्या, ‘अवो एकटी कायले करते? पात धरा ना!’

काकी उठली, बाकीच्या उठल्या. सात जणी एका ओळीत ओणव्या, पाठी पाहुण्यांकडे. काकीने रोवणीचं गाणं सुरू केलं. आम्ही सरकत सरकत खुर्च्यांपर्यंत गेलो. पाहुणे उठले, खुर्च्या उचलल्या, मागे झाले. आम्ही अजून मागे. ते अजून मागे. होता होता तिघेही धानाच्या पोत्यांना जाऊन भिडले, छातीशी खुर्च्या धरून. समोर सगळं गोदाम तणसाच्या काड्यांनी भरलेलं.

‘अहो, आता आम्ही जायचं कुठे?’ चष्म्याच्या बाईंनी विचारलं.

सासूबाईंनी कंबर सरळ न करता सांगितलं, ‘धुऱ्यावर जा.’

त्या बाईंनी तिथेच, पोत्यांना टेकून, सरांना सांगितलं की पुस्तक काढू. चव्वेचाळीस पानांचा लेख तसाच ठेवायचा आणि त्याच्यानंतर तो कसा चुकला ते लिहायचं. सर म्हणाले, ‘मग बगळ्याचं काय?’ त्या म्हणाल्या, ‘बगळा थोडा कमी करा.’

पुस्तक उन्हाळ्यात पोस्टाने आलं. सरांनी पुडकं फोडलं नाही. मला दिलं आणि डोळ्यांवर हात ठेवून म्हणाले, ‘कव्हर घालून द्या. नाव दिसता कामा नये.’ मी जुन्या कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर घातलं. नाव मोठ्या अक्षरांत होतं, मी बघितलं, पण बोलले नाही. मग सरांनी गोदामात बसून आम्हाला पुस्तक वाचून दाखवायला सुरुवात केली. शेवटच्या पानापासून.

‘असं उलटं कायले वाचून राहिले?’ सासूबाईंनी विचारलं.

‘मी एकदा शेपटीकडून फसलोय. आता आधी शेपूट तपासतो.’

रोज दुपारी ते पान पान मागे येत. कशाचा कशाला पत्ता लागत नव्हता. उत्तर आधी यायचं, प्रश्न दुसऱ्या दिवशी. काकी म्हणाली, पहिल्यांदाच तिला सरांचं सगळं समजलं. नवव्या दिवशी त्यांच्या डाव्या हातात एकच पान उरलं. सरांनी घसा खाकरला, पाणी प्यायले, पुन्हा घसा खाकरला.

‘प्रेक्षक,’ ते म्हणाले, ‘जरा जवळ या. आता माझं नाव येणार आहे.’

आम्ही सगळ्या बारदाना ओढत पुढे सरकलो.